ब्लुमेनफेल्ड, एर्विन

(२६ जानेवारी १८९७ – ४ जुलै १९६९). जर्मन-ज्यू कोलाजकार (कागदाचे तुकडे चिकटवून चित्र रचणारे) व फॅशन-छायाचित्रकार. पुढे अमेरिकेचे नागरिक. १९४० आणि १९५० च्या दशकांतील ‘व्होग’ आणि ‘हार्पर्स बझार’ या नियतकालिकांच्या मुखपृष्ठांमुळे ते ओळखले जातात. त्याआधीची त्यांची दोन दशके मात्र कात्री आणि गोंद यांच्या संगतीत गेली होती. ती कात्री त्यांनी पुढेही खाली ठेवली नाही, हे लक्षात घेतले तरच त्यांची छायाचित्रे नीट उलगडतात.

जन्म बर्लिनचा. वयाच्या दहाव्या वर्षी पहिला कॅमेरा मिळाला. वडील गेल्यावर घरची स्थिती ढासळली आणि १९१३ मध्ये बायकांचे कपडे तयार करणाऱ्या बर्लिनमधील एका पेढीत त्यांनी उमेदवारी पत्करली. कापड अंगावर कसे पडते, चुणी कुठे धरते, ही जाण त्यांच्या चित्रांत इतकी पक्की दिसते की तिचे मूळ या उमेदवारीतच असावे. पहिल्या महायुद्धात ते पश्चिम आघाडीवर रुग्णवाहिका चालवत होते. धाकटा भाऊ त्याच युद्धात मारला गेला. १९१८ च्या अखेरीस ते ॲम्स्टरडॅमला गेले आणि १९२१ मध्ये लेना सिट्रोएन यांच्याशी त्यांचा विवाह झाला.

युद्धाने ज्या जगाच्या चिंधड्या केल्या होत्या, त्या जगाला सलग चित्र शोभणार नाही, असे मानणारी ‘दादा’ नावाची कलाचळवळ तेव्हा जोरात होती. बर्लिनचे चित्रकार जॉर्ज ग्रोस हे ब्लुमेनफेल्ड यांचे मित्र. लेनाचे चुलतभाऊ पॉल सिट्रोएन यांच्यासह ब्लुमेनफेल्ड यांनी हॉलंडमध्ये दादाचा झेंडा लावला. वर्तमानपत्रांतील अक्षरे, छापील चित्रांचे तुकडे, शाईची रेखाटने, तिकिटे असा ऐवज एका कागदावर जमवून ते कोलाज करीत. १९२१ च्या एका प्रसिद्ध कोलाजात नग्न स्त्रीदेहावर त्यांनी स्वतःचेच डोके चिकटवले आणि ते पोस्टकार्ड म्हणून दादाचे प्रवर्तक त्रिस्तान झारा यांना धाडले.

पोटासाठी मात्र ॲम्स्टरडॅमच्या काल्व्हरस्ट्राट या बाजारपेठेत त्यांचे चामड्याच्या पर्सेसचे दुकान होते. १९३२ मध्ये दुकान नव्या जागेत गेले, तेव्हा तिथे एक तयार डार्करूम, म्हणजे छायाचित्रे धुण्याची अंधारी खोली, हाती लागली. दुकानात येणाऱ्या स्त्रियांची छायाचित्रे ते काढू लागले. दुकान १९३५ मध्ये बुडाले, पण छायाचित्रकार तयार झाला. १९३३ मध्ये हिटलरच्या चेहऱ्यावर कवटीची निगेटिव्ह चढवून त्यांनी केलेले चित्र याच डार्करूमच्या काळातले. इथे कात्री कुठेच दिसत नाही, तरी हे कोलाजच आहे. दोन कागदांऐवजी दोन निगेटिव्ह एकमेकींवर बसल्या, एवढाच फरक.

१९३६ मध्ये ते पॅरिसला गेले. चित्रकार जॉर्ज रुओ यांची दंतवैद्य कन्या जेनव्हिएव्ह यांनी आपल्या दवाखान्यात ब्लुमेनफेल्ड यांची छायाचित्रे लावली. पुढे छायाचित्रकार सेसिल बीटन यांच्या खटपटीने १९३८ मध्ये फ्रेंच ‘व्होग’चे काम मिळाले. मे १९३९ च्या अंकात आयफेल टॉवरच्या लोखंडी सांगाड्याच्या कडेला, खाली पसरलेल्या पॅरिसवर घेरदार झगा फुलवून उभी असलेली मॉडेल लिसा फॉन्साग्रीव्ह आजही पाहणाऱ्याचा श्वास रोखते. पण लगेच युद्ध आले. फ्रान्समध्ये त्यांना जर्मन म्हणून छावण्यांत डांबण्यात आले. १९४१ मध्ये मोरोक्कोमार्गे ते कुटुंबासह न्यूयॉर्कला पोहोचले.

न्यूयॉर्कला संपादिका कार्मेल स्नो यांनी त्यांना ‘हार्पर्स बझार’मध्ये घेतले, १९४४ पासून कला-दिग्दर्शक अलेक्झांडर लिबरमन यांच्या हाताखाली ते ‘व्होग’साठी काम करू लागले. सेंट्रल पार्क साउथवरच्या स्टुडिओत मॉडेलपुढे खोबणीदार काच उभी केली जाई, आरसे तिरपे लावले जात, चेहऱ्यावर ओले रेशीम पसरले जाई. एकाच फिल्मवर अनेकदा प्रकाश देणे, सोलरायझेशन (धुताना मध्येच उजेड पाडून छटा उलटवणे), निगेटिव्ह शीतकपाटात ठेवून तिच्या थराला तडे पाडणे, असे प्रयोग रात्रंदिवस चालत. ‘व्होग’च्या मार्च १९४५ च्या मुखपृष्ठावर टोपी घातलेली स्त्री धूसर केली आहे आणि तिच्यावर रेडक्रॉसचे लाल चिन्ह ठसठशीत बसवले आहे. कपडे विकणाऱ्या मासिकाच्या पहिल्याच पानावर कपडेच पुसट करायचे, याला धैर्य लागते.

त्यांच्या कामाचा कळस म्हणजे ‘व्होग’चे जानेवारी १९५० चे मुखपृष्ठ. मूळ छायाचित्र कृष्णधवल. जीन पॅचेट या मॉडेलचा चेहरा. ब्लुमेनफेल्ड यांनी त्यातले नाक, गाल, हनुवटी, केस सगळे घालवून टाकले. पांढऱ्या पानावर उरले एक काजळरेखलेला डोळा, त्यावरची भुवई, लाल ओठ आणि तीळ. रंग मागाहून चढवला. चेहऱ्याची कड कुठेच नाही, तरी वाचकाचा डोळा ती आपोआप ओढून घेतो. कोलाजकार एरवी तुकडे आणून चिकटवतो. इथे त्याने असलेल्या चित्रातून तुकडे काढून घेतले, आणि जोडण्याचे काम पाहणाऱ्यावर सोपवले. सौंदर्यप्रसाधनांच्या जाहिरातींत त्यानंतर डोळे-ओठ सुटे दाखवण्याची रीत किती रुळली, हे सांगायला नको. पण या मुखपृष्ठाचा नेमकेपणा त्यांतल्या फारच थोड्यांना साधला.

कला-दिग्दर्शकांनी आपली चित्रे कापावीत, त्यांवर मथळे लादावेत, याचा त्यांना मनापासून संताप येई. १९५५ मध्ये ‘व्होग’चा करार संपला. नंतर जाहिराती आणि काही लघु-चित्रफिती झाल्या. अखेरच्या वर्षांत त्यांनी आत्मचरित्र लिहिले आणि स्वतःची शंभर छायाचित्रे निवडली. त्या शंभरांत फॅशनची चित्रे फारच थोडी आहेत. रोम येथे त्यांचे निधन झाले. आत्मचरित्र १९७५ मध्ये, मरणोत्तर प्रसिद्ध झाले. २०१३ मध्ये पॅरिसच्या झ्यू द पोम या कलादालनाने त्यांची रेखाटने, कोलाज आणि छायाचित्रे एकत्र मांडली.