पावलाचा कोन आणि गुडघ्यावरचा भार

अंबाझरीच्या काठावर किंवा सेमिनरी हिल्सच्या चढावर पहाटे फिरायला येणाऱ्या नागपूरकरांकडे थोडा वेळ निरखून पाहिले, तर कोणाचीही चाल दुसऱ्यासारखी नसते हे ध्यानात येते. कोणाचे चवडे बाहेर फाकलेले असतात, कोणी टाच आपटत चालतो, तर कोणी इतकी लांब ढांग टाकतो की पुढची टाच टेकते तेव्हा धड बरेच मागे असते. गुडघे दुखू लागले की या सगळ्यांना सल्ला मात्र एकच मिळतो : पाय सरळ टाकून चाला. चालीचा शास्त्रीय अभ्यास या सरसकट सल्ल्याला फारसा दुजोरा देत नाही.

सपाट जमिनीवर साधे चालतानाही गुडघ्याच्या सांध्यावर शरीराच्या वजनाच्या सुमारे दोन ते तीन पट दाब येतो, कारण वजनाबरोबरच सांधा सावरून धरणाऱ्या स्नायूंची ओढही त्याच सांध्याला दाबत असते. हा दाब दोन्ही बाजूंना सारखा वाटला जात नाही. पाऊल टेकलेले असताना जमिनीकडून वर येणाऱ्या बलाची रेषा गुडघ्याच्या मध्यापासून थोडी आतल्या बाजूने जाते, आणि त्यामुळे बहुतेकांच्या गुडघ्याचा आतला भाग अधिक भार सोसतो; वयोमानाने होणारी सांध्यांची झीजही बहुधा तेथेच आधी दिसते. दार बिजागरीपासून जितके लांब धरून ढकलावे तितके ते सहज फिरते. त्याच न्यायाने ही रेषा गुडघ्यापासून जितकी दूर, तितका आतल्या कूर्चेवरचा, म्हणजे हाडांच्या टोकांवरील गुळगुळीत आवरणावरचा, दाब जास्त. चवडा किंचित आत वळवला किंवा बाहेर वळवला, तर हे अंतर कमी करता येते. प्रश्न असा की कोणी आत वळवावा आणि कोणी बाहेर?

याचे उत्तर माणसागणिक बदलते, आणि २०२५ साली ‘द लॅन्सेट ऱ्हुमॅटॉलॉजी’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीचे महत्त्व याच मुद्द्यात आहे. अमेरिकेतील युटा, न्यू यॉर्क आणि स्टॅनफर्ड या विद्यापीठांच्या संशोधकांनी गुडघ्याच्या आतल्या बाजूस झीज झालेल्या ६८ जणांची चाल आधी मोजली आणि पाऊल ५ किंवा १० अंशांनी आत वा बाहेर वळवल्यावर प्रत्येकाच्या बाबतीत भार सर्वांत कमी कधी होतो ते ठरवले. एका गटाला तो कोन शिकवला. दुसऱ्या गटाला तशाच प्रशिक्षणाच्या नावाखाली त्यांचा स्वतःचा नेहमीचाच कोन दिला. नडगीवर बांधलेले छोटे यंत्र कंपनाने सूचना देई आणि सहा आठवडे असा सराव चाले. वर्षाअखेरीस पहिल्या गटाच्या वेदना वेदनाशामक औषधांनी मिळणाऱ्या आरामाच्या तोडीने उतरल्या होत्या, आणि एमआरआयमध्ये त्यांच्या कूर्चेच्या ऱ्हासाची गती दुसऱ्या गटापेक्षा मंद दिसली. ज्यांचा भार कोणत्याच कोनाने कमी होत नव्हता, त्यांना मात्र चाचणीत घेतलेच नव्हते. म्हणून ही बातमी वाचून उद्यापासून चवडे आत वळवून चालू लागणे मला धोक्याचे वाटते : चुकीच्या दिशेने वळवलेले पाऊल गुडघ्यावरचा भार वाढवूही शकते.

मोजमापाविना जे करता येते ते याहून साधे आहे. वेग तोच ठेवून ढांग थोडी आखूड केली, तर टाच शरीरापासून फार पुढे पडत नाही आणि प्रत्येक पावलाला बसणारा उलटा रेटा कमी होतो. गुडघा दुखत असेल तर काठी विरुद्ध बाजूच्या हातात धरावी. दुखऱ्या बाजूलाच काठी टेकणारे लोक बागेत सर्रास दिसतात. रस्त्याच्या उताराकडेही लक्ष असावे. आपल्याकडचे सिमेंटचे रस्ते पाणी वाहून जावे म्हणून कडेला उतरते असतात, आणि समोरून येणारी वाहने दिसावीत म्हणून जाता-येता नेहमी उजव्या कडेनेच चालणाऱ्याचा उजवा पाय रोज किंचित खाली पडत राहतो. शक्य तेथे सपाट पट्टा निवडावा, किंवा वर्दळ नसलेल्या गल्लीत गेलेल्या कडेनेच परतावे.

तळव्याचे गणित निराळे आहे. एका पायात २६ हाडे असतात, आणि टाचेपासून बोटांपर्यंत ताणलेली जाड पट्टी त्यांची कमान सांभाळते. टाच उचलली की बोटे वर दुमडतात, पट्टी ताणली जाते, कमान उंचावते आणि मऊ पाऊल क्षणभर ताठ होऊन शरीराला पुढे रेटते. जे. एच. हिक्स या संशोधकांनी १९५४ साली ही यंत्रणा वर्णिली. पाय फरफटत चालणाऱ्याला, किंवा सैल चप्पल निसटू नये म्हणून बोटे आवळून धरणाऱ्याला, हा रेटा पुरता मिळत नाही. अंगठ्यावर भार देऊन पाऊल सोडण्याचा सराव म्हणूनच उपयोगी आहे. पण सकाळच्या पहिल्याच पावलाला टाचेत कळ येत असेल, तर आधी तिचे निदान करून घ्यावे. मधुमेहाने तळव्यांची संवेदना मंदावलेल्यांनी तर चाल बदलण्याच्या फंदात वैद्यकीय सल्ल्याशिवाय पडूच नये, कारण नव्या जागी भार पडून झालेली जखम त्यांना दुखून कळत नाही.