प्राइडचा पहिला शो: टोकियो डोममधल्या त्या कुस्तीमागचं जुनं भांडण

आशियात नवीन एमएमए (लाथा, बुक्के, कुस्ती सगळं चालणारी लढत) कंपनी निघाली की पहिल्या शोच्या पोस्टरवर नवं पर्व, नवा इतिहास वगैरे ठरलेलं असतं. पण पुढच्या सगळ्यांनी ज्याच्याकडे बघून दुकानं मांडली तो प्राइड या जपानी एमएमए कंपनीचा पहिला शो कुठल्या पर्वाबिर्वासाठी झालाच नव्हता. ११ ऑक्टोबर १९९७, टोकियो डोम, ४७ हजारांवर पब्लिक, आणि हा सगळा घाट एका मॅचसाठी, जपानी प्रो-रेसलर नोबुहिको ताकादा विरुद्ध ब्राझीलचा रिक्सन ग्रेसी. आयोजक संस्था केआरएस ही मॅच लावायलाच उभी राहिली होती, पुढे लीग चालवायची असा काही मोठा प्लॅन नव्हता, एक हिशोब बाकी होता तो मिटवायचा होता, बस.

हा हिशोब किती जुना ते बघायचं तर थेट १९५१ ला जावं लागतं. त्याच्याही आधी मित्सुयो माएदा नावाचा जपानी ज्युदोवाला १९१४ ला ब्राझीलला गेला आणि तिथे कार्लोस ग्रेसीला शिकवून बसला, त्यातून ग्रेसी खानदानाचं जिउ-जित्सू, म्हणजे खाली पाडून पेच टाकायची विद्या, निघालं. कार्लोसचा धाकटा भाऊ हेलिओ. या हेलिओला १९५१ मध्ये रिओच्या माराकाना स्टेडियमवर मासाहिको किमुराने हात मोडून हरवलं, हेलिओने हार मानलीच नाही, शेवटी कोपऱ्यात उभ्या त्याच्या माणसांनी मॅच थांबवली. किमुरा म्हणजे त्या काळातला जपानचा सगळ्यात दांडगा ज्युदोवाला. आणि हाच किमुरा तीन वर्षांनी, डिसेंबर १९५४ ला, जपानी प्रो-रेसलिंगचा, म्हणजे निकाल आधी ठरवून लावलेल्या कुस्तीचा, बाप रिकिदोझानसमोर उतरला. मॅच बरोबरीत सोडवायची असं ठरलं होतं असं किमुरा नंतर सांगायचा, पण रिकिदोझानने मधेच खरे फटके मारायला सुरुवात केली आणि किमुरा आडवा झाला.

ठरवून लावलेली कुस्ती मधेच खरी होणं, जपानच्या रेसलिंगमध्ये ही गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. रिकिदोझानचा पठ्ठा अंतोनियो इनोकी. १९७६ च्या जूनमध्ये तो मुहम्मद अलीशी बुडोकानमध्ये पंधरा राऊंड भिडला, बराचसा वेळ पाठीवर पडून अलीच्या पायांवर लाथा घालत राहिला, मॅच ड्रॉ आणि पब्लिक वैतागलेलं. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये कराचीत अक्रम पैलवानाबरोबर. अक्रम म्हणजे गामाच्या भावाचा, इमामबक्षचा मुलगा, त्यामुळे कुस्तीवाल्या मराठी माणसाला हे घराणं काही परकं नाही. इनोकीने त्याचा हात काढला आणि कुस्ती तिथेच संपली.

ताकादा याच इनोकीच्या न्यू जपान या प्रो-रेसलिंग कंपनीतून आला. १९८४ ला काही जण फुटून यूडब्ल्यूएफ नावाची वेगळी कंपनी काढून बसले, त्यात हा होता. यांचं म्हणणं असं की दोरीवरून उड्या, नाटकी मारामाऱ्या बंद, लाथा खऱ्यासारख्या, पकडी खऱ्यासारख्या. निकाल मात्र ठरलेलेच. १९९१ ला ताकादाची स्वतःची यूडब्ल्यूएफआय आली आणि तिने 'आम्हीच खरे' हा माल जोरात विकला, आणि गंमत म्हणजे कधीकधी तो खरा निघायचा पण. १९९१ ला बॉक्सर ट्रेवर बर्बिक, ज्याने अलीला त्याच्या शेवटच्या मॅचमध्ये हरवलेलं, तो ताकादाच्या लाथा मांडीवर खाऊन सरळ रिंग सोडून निघून गेला. पुढच्या वर्षी कोजी कितावो हा माजी योकोझुना, म्हणजे सुमोतल्या सर्वोच्च पदाचा पैलवान, डोक्यात लाथ बसून पडला, तीही मॅच म्हणे बरोबरीत सुटायची होती. असं दोनदा झालं की फॅनला वाटणारच ना की आपला माणूस जगात कोणालाही आसमान दाखवेल.

आणि तेवढ्यात ग्रेसी परत आले. नोव्हेंबर १९९३ ला अमेरिकेत यूएफसी या एमएमए कंपनीचा पहिला शो रॉयस ग्रेसीने जिंकला आणि वर सांगितलं की माझा भाऊ रिक्सन माझ्याहून दहापट भारी आहे. हा रिक्सन हेलिओचाच मुलगा. १९९४ ला तो जपानमध्ये येऊन वाले तुदो जपान ही जवळपास सगळं चालणारी स्पर्धा जिंकून गेला, १९९५ ला परत येऊन परत जिंकला.

मधे डिसेंबर १९९४ चा किस्सा आहे, आणि माझ्या मते प्राइडचा खरा जन्म तिथे झाला. यूडब्ल्यूएफआयने रिक्सनला आव्हान दिलं, त्याने प्रो-रेसलिंगमध्ये यायला नकार दिला, म्हणून ताकादाच्या गोटातला योजी आंजो जपानी पत्रकार सोबत घेऊन लॉस एंजेलिसला थेट रिक्सनच्या तालमीत जाऊन धडकला. रिक्सन आला, आंजोला आत घेतलं, पत्रकारांना बाहेर ठेवून दार लावलं. थोड्याच वेळात दार उघडलं तेव्हा आंजोचं तोंड रक्ताने माखलेलं, आणि बाहेर कॅमेरे तयारच, जे त्याने स्वतःच आणले होते.

पठ्ठा असा मार खाऊन आल्यावर वस्तादाने जायला पाहिजे ही साधी रीत. ताकादा गेला नाही. कंपनीला पैशांची चणचण होती, १९९५ च्या ऑक्टोबरमध्ये तो न्यू जपानच्या केइजी मुतोकडून ठरल्याप्रमाणे हरला, तेही पायाच्या जुन्या प्रो-रेसलिंगी पेचाला, टोकियो डोम गच्च भरलेलं असताना. गल्ला आला, इज्जत गेली. १९९६ संपताना यूडब्ल्यूएफआय बंद.

आता ताकादाकडे विकण्यासारखं एकच उरलं होतं, रिक्सनशी निकाली कुस्ती. केआरएसने तेच विकलं. कार्डवर बाकी पण लोक होते, रेन्झो ग्रेसी आणि अकिरा शोजी अर्धा तास झुंजून बरोबरीत सुटले, गॅरी गुडरिजने ओलेग ताक्तारोव्हला बेकार झोपवलं, आणि तोच कितावो परत दिसला, यावेळी जिंकताना. मुख्य मॅचमध्ये ताकादा रिंगभर गोल फिरत राहिला, रिक्सनने गाठून खाली घेतलं, छातीवर बसला आणि हात ओढला. ४ मिनिटं ४७ सेकंद. बरोबर एका वर्षाने, ११ ऑक्टोबर १९९८ ला, तिथेच परत मॅच आणि परत हातच.

इथे खरं तर दुकान बंद व्हायला हवं होतं, हिरो दोनदा हरलाय. पण ताकादाच्याच तालमीतला काझुशी साकुराबा पुढे आला आणि त्याने रॉयलर, रॉयस, रेन्झो, रायन असे ग्रेसी ओळीने पाडले, त्यातला रॉयस तर मे २००० मध्ये नव्वद मिनिटांनंतर, टॉवेल फेकला गेला तेव्हा. हरलेल्या वस्तादाचा बदला पठ्ठ्याने घेतला ही स्टोरी जपानी टीव्हीला हवीच होती. मग २००६ ला माफियाशी संबंधांच्या आरोपांनंतर फुजी टीव्हीने हात झटकले आणि २००७ मध्ये प्राइड यूएफसीच्या मालकांना विकलं गेलं.

मार्च २०१२ मध्ये अंधेरीच्या स्पोर्ट्स कॉम्प्लेक्समध्ये सुपर फाइट लीग या भारतीय एमएमए कंपनीचा पहिला शो झाला तेव्हा मुख्य मॅचला कोण होते, तर बॉब सॅप आणि जेम्स थॉम्पसन, दोघंही प्राइडच्या रिंगमधून आलेले. मोठी नावं आणली, लाइट-म्युझिक झालं, आणि सॅप पहिल्याच राऊंडमध्ये पाय दुखावून दोन मिनिटांच्या आत संपला. नावं टोकियोची मिळाली, पण मुंबईत कोणाचंच कोणाशी भांडण नव्हतं.