‘सार्थ’ फरक आणि पाच टक्के : सामाजिक शास्त्रांच्या सांख्यिकीची पार्श्वभूमी

मानसशास्त्र, समाजशास्त्र, अर्थशास्त्र, भूगोल, यांतला कुठलाही विषय घेऊन बी.ए.ला बसलेल्या मुलामुलींना सांख्यिकी कुठे ना कुठे गाठतेच. कुणाला स्वतंत्र पेपर म्हणून, कुणाला संशोधन पद्धतीतली दोन प्रकरणं म्हणून, कुणाला प्रात्यक्षिकाच्या वहीत. सरासरी किंवा प्रमाण विचलन कसं काढायचं ते इथे सांगत नाही. ते पुस्तकात आहे आणि दोन-चार गणितं केली की हाताला बसतं. मुलं अडतात ती ‘हा फरक 0.05 पातळीवर सार्थ आहे’ या वाक्यापाशी. वाक्य पाठ असतं, परीक्षेत लिहिलं जातं, गुणही मिळतात. त्यातले पाच टक्के कुठले आणि ‘सार्थ’ म्हणजे नेमकं काय, हे मात्र एम.ए. झाल्यावरही अनेकांना सांगता येत नाही. दोष मुलांचा नाही. ते वाक्य ज्या वाटेने आपल्या वर्गात आलं, ती वाटच गुंतागुंतीची आहे.

फार मागे जायचं तर 1662 साली लंडनच्या मृत्यूनोंदींवरून एका व्यापाऱ्याने काढलेले निष्कर्ष आहेत. 1835 साली बेल्जियमच्या एका खगोलशास्त्रज्ञाने मांडलेली ‘सरासरी माणूस’ ही कल्पना आहे, आणि आपल्याकडे 1872 ची पहिली जनगणना आहे. 1884 च्या सोलापूर जिल्हा गॅझेटियरमध्ये पिकं, पाऊस, जाती, दर असं सगळं आकड्यांत सापडतं. ही सगळी मुख्यतः मोजदाद होती. थोड्या लोकांना विचारून सगळ्यांबद्दल किती खात्रीने बोलता येईल, हा प्रश्न अजून शास्त्राचा झालेला नव्हता.

सोलापूरला मात्र आकड्यांशी वेगळी ओळख झाली, ती गिरण्यांमुळे. 1877 साली इथे पहिली कापड गिरणी सुरू झाली. 1920 च्या दशकात गिरणी कामगारांच्या घरखर्चाची सरकारी पाहणी झाली आणि तिचा अहवाल 1928 साली छापून आला. घरात माणसं किती, धान्यावर किती जातं, भाडं किती, कर्ज किती, हे चाळीत जाऊन विचारलं गेलं. त्यातून सोलापूरसाठी कामगारांच्या राहणीमान खर्चाचा स्वतंत्र निर्देशांक बांधला गेला. त्याचा पाया होता फेब्रुवारी 1927 ते जानेवारी 1928 या बारा महिन्यांच्या सरासरी किमती, म्हणजे 100. मुंबईचा निर्देशांक इथे चालला नसता. मुंबईच्या ताटात भात आणि सोलापूरच्या ताटात ज्वारीची भाकरी. ज्वारी महागली की इथलं घर हलतं, म्हणून इथल्या हिशेबात ज्वारीला तेवढा भार द्यायला हवा. ‘भारांकित सरासरी’ या धड्यामागची सगळी कल्पना एवढीच आहे.

पुढे महागाई भत्ता या निर्देशांकाला बांधला गेला आणि तो घरोघरी पोहोचला. आमचे आप्पा गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर होते, शाळा चौथीपर्यंतची. पण पगाराच्या दिवशी ओसरीवर बसून ते शेजारच्या काकांना विचारायचे, ‘या महिन्याला पॉइंट किती चढले?’ पावतीवरचा भत्त्याचा आकडा बोटाने दाबून धरायचे आणि मागच्या महिन्याची पावती डब्यातून काढून शेजारी ठेवायचे. पायाभूत वर्ष, भार, सूत्र यांतलं एकही नाव त्यांना ठाऊक नव्हतं. तरी आकडा कशाचा आहे आणि तो चुकला तर कुणाच्या पोटावर येतं, हे त्यांना पक्कं कळत होतं. निर्देशांक शिकवताना मी कायम इथूनच सुरुवात केली.

आता त्या पाच टक्क्यांकडे. वर्गातल्या बहुतेक चाचण्या 1900 ते 1935 या काळात जन्मल्या. काय-वर्ग चाचणी, म्हणजे सारणीतले आकडे अपेक्षेपेक्षा किती वेगळे पडले ते तपासणारी, 1900 ची. क्रमांकांवरून सहसंबंध काढायची रीत 1904 ची, आणि ती एका मानसशास्त्रज्ञाने दिली. दोन सरासऱ्यांमधला फरक तपासणारी टी-चाचणी 1908 ची. डब्लिनच्या बिअर कारखान्यात काम करणाऱ्या एका रसायनतज्ज्ञाला मोजक्याच नमुन्यांवरून निर्णय घ्यावे लागत होते, त्यातून ती आली. त्याने लेख ‘स्टुडंट’ या टोपणनावाने छापला. ही विद्यार्थ्यांसाठीची सोपी चाचणी असावी, असा समज दरवर्षी वर्गात एखाद्याचा तरी असतो, तो इथेच दूर झालेला बरा.

1925 साली इंग्लंडमधल्या एका शेती संशोधन केंद्रात काम करणाऱ्या संख्याशास्त्रज्ञाचं संशोधकांसाठी लिहिलेलं पुस्तक आलं. पाच टक्के सर्वत्र पोहोचले ते या पुस्तकामुळे. नुसत्या योगायोगाने विसातून एकदाच पडेल एवढा फरक, म्हणजे सरासरीपासून साधारण दोन प्रमाण विचलनांइतकं अंतर (प्रमाण विचलन म्हणजे आकडे सरासरीभोवती किती पसरलेत त्याचं माप), नेमकं सांगायचं तर 1.96. ही मर्यादा धरणं ‘सोयीचं’ आहे, असं त्यात म्हटलं होतं. सोयीचं, बरोबर नव्हे. त्याआधी संशोधक ‘संभाव्य त्रुटी’ची तिप्पट ही हद्द मानत. संभाव्य त्रुटी म्हणजे प्रमाण विचलनाच्या 0.6745 पट, तिची तिप्पट 2.02. म्हणजे जुना अंगठ्याचा नियम आणि नवी सोय जवळपास एकाच जागी येत होती. शिवाय पुस्तकाच्या शेवटी जी कोष्टकं होती त्यांत शक्यतांचे मोजकेच स्तंभ होते. गणकयंत्र नाही, संगणक नाही. ज्याला जे कोष्टक मिळालं, त्याने त्यातल्या स्तंभांवर काम भागवलं. कोष्टकाची मांडणी ही अशी हळूहळू शास्त्राची रीत झाली.

त्याच लेखकाने 1956 साली लिहिलं की कुठलाही संशोधक वर्षानुवर्षं, प्रत्येक परिस्थितीत एकच ठरावीक पातळी धरून परिकल्पना, म्हणजे तपासायला घेतलेलं गृहीत, फेटाळत नाही. हे म्हणणं आपल्या पाठ्यपुस्तकांत आलं नाही. त्याआधी 1933 साली दोघा संख्याशास्त्रज्ञांनी वेगळीच चौकट दिली होती. पातळी आधी ठरवा, दोन प्रकारच्या चुका (नसलेला फरक आहे म्हणणं आणि असलेला नाही म्हणणं) तोला, मग निर्णय घ्या. दोन्ही पक्षांचं आपसात कधी पटलं नाही. पण दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेतल्या मानसशास्त्राच्या आणि शिक्षणशास्त्राच्या पुस्तकांनी दोन्ही एकाच भांड्यात घातलं, आणि एका पक्षाची शून्य परिकल्पना (‘फरक नाहीच’ असं गृहीत), दुसऱ्याच्या दोन चुका, पहिल्याचं कोष्टक असं मिश्रण तयार झालं. मराठी माध्यम विद्यापीठात आल्यावर आपली पुस्तकं बहुतांशी याच मिश्रणावरून लिहिली गेली.

इथे शब्दाचा प्रश्न आला. ‘सार्थ’साठीचा इंग्रजी शब्द ‘सिग्निफिकंट’ 1885 च्या सुमारास आकड्यांच्या संदर्भात वापरला गेला तेव्हा त्याचा रोख ‘काहीतरी सुचवणारा’ असा होता. फरक केवळ योगायोग नसावा, त्यामागे काही असावं, इतकंच. फरक मोठा आहे किंवा मोलाचा आहे, असा दावा त्यात नव्हता. मराठीत त्याला कुणी ‘सार्थकता’ म्हटलं, कुणी ‘लक्षणीयता’, कुणी सरळ ‘महत्त्व’. ‘महत्त्व’ तर चूकच आहे. ‘लक्षणीय’ ऐकलं की फरक डोळ्यांत भरण्याएवढा असणार असं वाटतं. ‘सार्थ’ या शब्दाची गोष्ट जास्त अवघड आहे, कारण मुळात तो अगदी योग्य शब्द आहे. पंढरपुरात मंदिराच्या वाटेवरच्या दुकानांत पोथ्यांच्या मुखपृष्ठावर ‘सार्थ’ छापलेलं असतं, म्हणजे ओव्यांसोबत त्यांचा अर्थही दिलेला. स-अर्थ, अर्थासहित. चाचणीतला ‘सार्थ’ फरकही तोच, ज्याला काही अर्थ असू शकतो असा. पण रोजच्या बोलण्यात आपण ‘जन्माचं सार्थक झालं’, ‘कष्ट सार्थकी लागले’, ‘सार्थ अभिमान’ असं म्हणतो. त्यामुळे चाचणी सार्थ आली की विद्यार्थ्याला आपलं संशोधन सार्थकी लागल्यासारखं वाटतं, आणि नाही आली तर वर्ष फुकट गेल्यासारखं. एका मुलीने प्रबंधाच्या कच्च्या प्रतीत ‘दुर्दैवाने फरक निरर्थक आढळला’ असं लिहून आणलं होतं. तिने विडी कामगार बायकांच्या घरी जाऊन, हजार विड्यांची मजुरी, पानाची घट, कामाचे तास सगळं स्वतः टिपलं होतं. ती माहिती निरर्थक कशी? दोन वस्त्यांमध्ये फरक सापडला नाही, हीसुद्धा माहितीच होती. तिने ते वाक्य बदललं, पण ‘दुर्दैवाने’ हा शब्द खोडायला ती आठवडाभर तयार नव्हती.

हा गोंधळ किती महागात पडतो ते एका काल्पनिक सारणीवरून दिसेल. समजा 50 मुलगे आणि 50 मुली घेतल्या. एका प्रश्नाला 30 मुलग्यांनी ‘हो’ म्हटलं आणि 20 मुलींनी. काय-वर्ग येतो 4.00. कोष्टकातली पाच टक्क्यांची हद्द 3.84, म्हणून फरक सार्थ. आता 30 च्या जागी 29 मुलगे ‘हो’ म्हणाले असं धरा. काय-वर्ग 3.24 होतो आणि फरक सार्थ राहत नाही. एका मुलाने सकाळी चिडून वेगळं उत्तर दिलं असतं तर निष्कर्ष फिरला असता. मूळ सारणीला, 30 आणि 20 च्या, 1934 साली सुचवलेली सातत्याची दुरुस्ती, म्हणजे काय-वर्ग थोडा कमी करणारा बदल, लावली तरी 3.24 च येतं. म्हणजे माणसं तीच, उत्तरं तीच, आणि एका पुस्तकाप्रमाणे फरक आहे, दुसऱ्याप्रमाणे नाही.

आता 5,000 मुलगे आणि 5,000 मुली घ्या. ‘हो’ म्हणणारे मुलगे 2,550, म्हणजे 51 टक्के, आणि मुली 2,450, म्हणजे 49 टक्के. काय-वर्ग पुन्हा 4.00. पहिल्या पाहणीत 60 विरुद्ध 40, दुसऱ्या पाहणीत 51 विरुद्ध 49, आणि दोन्ही ‘सार्थ’. फरक केवढा आहे हे ती चाचणी सांगतच नाही. मी फळ्यावर ‘सार्थ’ लिहिलं की त्याखाली नेहमी लिहायचो : ‘नुसत्या योगायोगाने सहजासहजी पडला नसता असा फरक’. लांब आहे, पण खरं आहे. आणि खाली दुसरी ओळ, ‘केवढा फरक, ते वेगळं सांगा’.

बाकीच्या शब्दांचीही थोडी दैना आहेच. दहावीच्या गणितात मुलं मध्य, मध्यक, बहुलक शिकून येतात. मानसशास्त्राच्या पुस्तकात तेच मध्यमान, मध्यांक, बहुलांक होतात. कुठे मध्यका भेटते, कुठे मध्यगा, आणि मध्यगा तर भूमितीत त्रिकोणात असते. सोलापूरच्या वर्गात याचा भार जास्त पडतो. बाकावर मराठी घरातली मुलं असतात तशी पूर्व भागातली तेलुगू बोलणारी, अक्कलकोटकडची कानडी बोलणारी, उर्दू शाळेतून आलेलीही असतात. ‘सरासरी’ म्हटलं की कानडीतही तोच शब्द, तेलुगूत ‘सगटु’ असला तरी ‘सरासरी’ही कळतो, उर्दूवाल्याला ‘औसत’ म्हटलं की पुरे. सगळा वर्ग एका शब्दात जमतो आणि पुस्तक त्याला ‘मध्यमान’ म्हणून परत पांगवतं. परिभाषा नेमकी हवी हे मान्य आहे. पण जिथे बाजारात चालणारा शब्द नेमका आहे, तिथे तो का सोडायचा?

2004 च्या आधी इथली महाविद्यालयं कोल्हापूरच्या विद्यापीठाला जोडलेली होती. त्या वर्षी एका जिल्ह्यापुरतं वेगळं विद्यापीठ सोलापूरला झालं. विडी, यंत्रमाग, दुष्काळ, वारी हे विषय एम.फिल.च्या यादीत आधीही होतेच, पण आता मार्गदर्शक आणि विद्यार्थी दोघंही त्याच जिल्ह्यातले असू लागले. याच सुमारास संगणकावर एका बटणात चाचणी करणारं सॉफ्टवेअर हाताशी आलं. कोष्टक पाहायची गरज संपली, नुसत्या योगायोगाने निदान एवढा फरक पडण्याची नेमकी शक्यता थेट पडद्यावर यायला लागली, 0.046 किंवा 0.072 अशी. पाच टक्क्यांची सक्ती ज्या अडचणीतून आली होती ती अडचणच उरली नाही. तरीही प्रबंधात वाक्य तेच राहिलं. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2010 च्या नियमांनी प्राध्यापकांच्या बढतीसाठी संशोधनाला गुण लावले आणि शोधनिबंधांची संख्या वाढली. माहिती गोळा करून ‘सांख्यिकी करून देणाऱ्या’कडे टाकायची, तो तारांकित (‘सार्थ’ आकड्यांवर तारा लावलेल्या) सारण्या परत देणार, ही पद्धत मी जवळून पाहिली. त्याचं मला आजही वाईट वाटतं. ज्याने दारोदार फिरून प्रश्न विचारले, त्यालाच आपल्या आकड्यांचा अर्थ दुसऱ्याकडून कळावा, हे बरं नाही.

बाहेर वाद वाढत होता. 2015 साली सामाजिक मानसशास्त्राच्या एका नियतकालिकाने अशा चाचण्या छापायलाच बंदी केली. मला ते टोकाचं वाटलं, कारण मग योगायोग कुठला आणि खरा फरक कुठला, हे वाचकाने नजरेने ठरवायचं का? 2016 च्या मार्चमध्ये अमेरिकेतल्या संख्याशास्त्रज्ञांच्या संघटनेने सहा तत्त्वं जाहीर केली. त्यांतलं एक असं, की या शक्यतेवरून परिणामाचा आकार किंवा निष्कर्षाचं महत्त्व मोजता येत नाही. 2019 साली 800 हून अधिक संशोधकांनी ‘सार्थ’ आणि ‘असार्थ’ अशी विभागणीच थांबवा, असं आवाहन केलं. अभ्यासक्रमात विश्वासांतर (खरा आकडा साधारण कुठून कुठपर्यंत असू शकतो तो पट्टा) आणि परिणामाचा आकार (फरक केवढा) हे दोन मुद्दे आले की यातलं निम्मं काम होईल. दोन्ही शिकवायला कागद-पेन पुरतं.

आणि तो निर्देशांक अजून चालू आहे. औद्योगिक कामगारांच्या ग्राहक किंमत निर्देशांकासाठी देशभरातून जी केंद्रं घेतली जातात त्यांत सोलापूर आहे. पायाभूत वर्ष 1960 चं 1982 झालं, मग 2001, आणि आता 2016. केंद्रं 78 ची 88 झाली, आणि नवा आकडा जुन्याशी जुळवायला 2.88 ने गुणावं लागतं. गिरण्यांचे भोंगे थांबले, पण भाव टिपणारी माणसं इथल्या बाजारात अजून फिरतात. माझ्या पाहण्यातल्या पाठ्यपुस्तकांत निर्देशांकाच्या गणितात मात्र वस्तूंची नावं अजून अ, ब, क, ड आहेत. तिथे ज्वारी, तूरडाळ, रॉकेल आणि घरभाडं लिहायला कुणाची परवानगी लागत नाही.