विहीर तिथे का होती?

२८ जानेवारी २०२० रोजी नाशिक जिल्ह्यातल्या देवळा तालुक्यात मेशी फाट्याजवळ एसटी बस आणि रिक्षाची धडक झाली आणि दोन्ही वाहनं रस्त्याकडेच्या विहिरीत गेली. २६ माणसं गेली. चूक कोणाची, हे शोधायलाच हवं. पण त्या बातमीपाशी मी आजही अडखळतो तो विहिरीमुळे. बसला थोपवेल असा भक्कम कठडा मध्ये असता, तर त्यातले किती जण घरी पोचले असते?

अपघाताच्या शास्त्रीय तपासात म्हणूनच दोन प्रश्न वेगळे ठेवतात: धडक का झाली, आणि माणूस का मेला. अमेरिकन डॉक्टर विल्यम हॅडन यांनी त्यासाठी एक तक्ता मांडला. धडकेआधी, धडकेच्या क्षणी आणि धडकेनंतर असे तीन टप्पे, आणि प्रत्येक टप्प्यावर माणूस, वाहन, परिसर यांची झडती. ८ ऑक्टोबर २०२२ च्या पहाटे नाशिकमध्ये औरंगाबाद रोडवर खासगी बस धडकेनंतर पेटली, १२ जण दगावले. तिथे तिसरा टप्पा कळीचा: आग कशी पसरली, बाहेर पडायला वाट किती होती?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर पुष्कळदा डांबरावरच लिहिलेलं असतं. करकचून ब्रेक दाबल्यावर चाकं जाम होतात, घासत जातात आणि काळे पट्टे उमटतात. गाडीची गतिज ऊर्जा घर्षणात खर्च होते, म्हणून पट्ट्याच्या लांबीवरून वेग काढता येतो. कोरड्या रस्त्याचा घर्षणांक, म्हणजे रस्त्याची चाकांवरची पकड दाखवणारा आकडा, साधारण ०.७ धरला, तर २० मीटर घसरून थांबलेली गाडी ताशी सुमारे ६० किलोमीटरने येत होती. आता तीच गाडी ८० ने येत असती तर? तेवढेच २० मीटर घासूनही तिचा वेग ५३ उरला असता. पहिली गाडी माणसासमोर थांबते, दुसरी त्याला उडवते. वेग २० ने वाढला, ऊर्जा मात्र जवळपास पावणेदोन पट झाली. हे गणित मला दरवेळी हादरवतं. श्रावणातल्या ओल्या रस्त्यावर घर्षणांक ०.४ पर्यंत उतरला, तर ६० ची गाडी थांबायला ३५ मीटर घेते.

एबीएस, म्हणजे ब्रेक दाबल्यावर चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा, असलेल्या गाड्यांचे पट्टे पुसट उमटतात. अशा वेळी अनेक गाड्यांत एअरबॅगच्या नियंत्रकात साठलेली शेवटच्या सुमारे पाच सेकंदांची नोंद कामी येते: वेग, ब्रेक, सीटबेल्ट. जुन्या पद्धतीच्या बल्बची तारही बोलते. दिवा चालू असताना धक्का बसला तर तापलेली तार ताणली जाते, बंद असेल तर ती कडक राहून तुटते. रात्री उभ्या ट्रकचा मागचा दिवा लागलेला होता की नाही, ते असं कळतं.

पण ट्रॅफिक सोडवायच्या घाईत काचा झाडल्या जातात, क्रेन गाडी ओढून नेते, आणि एका सरीत पट्टे पुसट होतात. जखमींना हलवल्यावर लगेच, पट्ट्यांशेजारी टेप धरून काढलेले फोटो यासाठीच मोलाचे.

राष्ट्रीय महामार्गावरचा ‘ब्लॅक स्पॉट’, म्हणजे वारंवार अपघात होणारी जागा, ठरवायची रूढ व्याख्या अशी: ५०० मीटरच्या पट्ट्यात तीन वर्षांत मृत्यू किंवा गंभीर दुखापतीचे ५ अपघात, किंवा १० मृत्यू. म्हणजे आधी माणसं जायला किंवा जबर जखमी व्हायला हवीत. मला ही वाट पाहणं पटत नाही. रस्ता सुरक्षा ऑडिटमध्ये अभियंता अपघाताआधीच रस्ता पायी तपासतो आणि लिहून ठेवतो: वळणावरचं झाड, अचानक संपणारा दुभाजक, कठडा नसलेली विहीर.