ठसा धरून ठेवणारी माती

राखाडी रंगाच्या मातीचा लिंबाएवढा गोळा तळहातावर घ्या आणि अंगठ्याने अगदी हलकेच दाबा. काही होत नाही. जोर थोडा वाढवा, तरी नाही. मग एका क्षणी अंगठा आत रुततो, आणि काढून घेतला तरी खळगा तसाच राहतो. रंगीत मातीचा उंदीर करायला बसलेल्या माणसाचं सगळं काम या एका क्षणाच्या अलीकडे-पलीकडे चालतं.

पाण्याला असा उंबरठा नसतो. बोट कितीही हळू लावा, ते बाजूला सरतं. रबराचं वेगळं, ते दाबलं की दबतं आणि सोडलं की पूर्ववत होतं. ही माती एका मर्यादेपर्यंत घन पदार्थासारखी ताठ राहते आणि मर्यादा ओलांडली की दाट द्रवासारखी सरकते. जोर थांबला की जिथे असेल तिथेच पुन्हा घन! म्हणून तर उंदराचं नाक चिमटीत ओढून टोकदार करता येतं, आणि ते टोक नंतर स्वतःच्या वजनाने ओघळत नाही. टूथपेस्ट याच कुळातली: नळी दाबली की बाहेर येते, ब्रशवर मात्र ढिगासारखी बसून राहते. अशा पदार्थांचा विचार गणिताने करता येतो हे दाखवून देणारे अमेरिकन रसायनशास्त्रज्ञ म्हणजे युजीन बिंगहॅम. पदार्थ कसे वाहतात याच्या शास्त्राला ‘रिऑलॉजी’ हे नावही त्यांनीच दिलं.

गंमत अशी की नेहमीच्या न वाळणाऱ्या रंगीत मातीत खरी माती फारशी नसतेच. तिचा मोठा भाग म्हणजे खडूची बारीक पूड, अर्थात कॅल्शियम कार्बोनेट. तिच्यात पेट्रोलियम जेली आणि स्टिअरिक आम्लासारखी मेणचट आम्लं मिसळलेली असतात. प्रत्येक कणाभोवती या स्निग्ध पदार्थाचा पातळ थर असतो. कण एकमेकांवरून घसरू शकतात, पण आपोआप नाही, कुणीतरी ढकलावं लागतं. कुंभाराच्या मातीत हे काम पाणी करतं. पाणी उडून गेलं की कण जवळ येतात, वस्तू आकसते आणि जाडी असमान असेल तर तडकते. जेली तशी उडून जात नाही. इंग्लंडमधल्या बाथ शहरात कला शिकवणारे विल्यम हार्बट आपल्या विद्यार्थ्यांसाठी न वाळणारी माती शोधत होते. १८९७ मध्ये त्यांनी जी तयार केली, तीच प्लॅस्टिसिन. जर्मनीत म्युनिकच्या फ्रान्झ कोल्ब यांनी त्याआधीच अशीच माती बनवली होती. हार्बट यांची पहिली माती राखाडी होती, आपल्या उंदरासारखीच. रंग नंतर आले. भट्टीत भाजून कडक करायची ‘पॉलिमर क्ले’ वेगळी, तिच्यात पीव्हीसी या प्लास्टिकचे कण असतात. इथे मी न वाळणाऱ्या मातीबद्दलच बोलते आहे.

नवा गोळा हातात घेतला की तो दगडासारखा वाटतो. तो आधी मळायचा, घाई करायची नाही. हाताच्या उबेने स्निग्ध थर मऊ होतो आणि मळण्याने कणांची घट्ट बसलेली मांडणी मोडते, त्यामुळे उंबरठा खाली येतो. धडाचा पेरूसारखा आकार वळायला हे उत्तम. पण कानाच्या पातळ पाकळ्या लावायची वेळ येते तेव्हा हीच ऊब वैरीण ठरते. बोट लागेल तिथे माती दबते, एक कान बसवावा तर दुसरा चेपतो. अशा वेळी उंदीर दहा मिनिटं फ्रीजमध्ये ठेवला की उंबरठा पुन्हा वर चढतो, आणि मोहरीएवढे डोळे बाकीचं डोकं न बिघडवता दाबून बसवता येतात. मला विचाराल तर सुबक आकृती आणि बिघडलेली आकृती यांत बोटांच्या कौशल्याइतकाच फरक तापमानाचा असतो.

शेपटीकडे नीट बघायला हवं. ती हवेत आडवी सोडली तर तिचं सगळं वजन बुडाशी पेललं जातं. जाडी तीच ठेवून लांबी दुप्पट केली की वजन दुप्पट होतं आणि ते बुडापासून दुप्पट अंतरावरही जातं. म्हणजे बुडाशी ताण चौपट. बारीक शेपटी आणखी लवकर हरते, कारण बुडाची ताकद जाडीच्या घनाच्या प्रमाणात घटते आणि वजन फक्त वर्गाच्या प्रमाणात. एकदा ताणाने उंबरठा गाठला की शेपटी हळूहळू वाकायला लागते. उपाय दोनच: आत तार घालायची, किंवा शेपटी अंगाला लपेटून टाकायची.

आता हाच उंदीर सगळ्या बाजूंनी दुप्पट मोठा करायचं ठरवा. वजन आठपट होईल, पायांची जाडी म्हणजे छेदाचं क्षेत्रफळ चौपटच. पायावरचा ताण दुप्पट झाला. काडीसारख्या पायांवर छोटा उंदीर उभा राहतो, मोठा खाली बसतो. गॅलिलिओने १६३८ च्या ग्रंथात मोठ्या प्राण्यांची हाडं प्रमाणाबाहेर जाड का लागतात हे याच हिशेबाने सांगितलं होतं. मातीचा हत्ती करताना पाय खांबासारखे ठेवावेसे वाटतात, ते केवळ हत्ती तसा दिसतो म्हणून नव्हे. माती स्वतःच ते मागते.

रंगांबद्दल थोडंसं. काळ्या आणि पांढऱ्या मातीच्या दोन पट्ट्या एकावर एक ठेवा, लांबवा, दुमडा, पुन्हा लांबवा. दर घडीला थर दुप्पट होतात. दहा घड्यांत दोनाचे २,०४८ थर होतात. मूळ जाडी दोन सेंटिमीटर असेल, तर एकेक थर मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढा, केसापेक्षाही पातळ. डोळ्याला ते वेगळे दिसेनासे होतात आणि एकसंध राखाडी दिसू लागतो. चार-पाच घड्यांवर थांबलात तर संगमरवरासारख्या रेघा मिळतात. मागे मात्र जाता येत नाही, उलटं मळून काळा-पांढरा वेगळा होत नाही.

इतकं सगळं करून तयार झालेला उंदीर कपाटावर ठेवायचा, असं बहुतेकांना वाटेल. जीवशास्त्रज्ञ तो रानात नेऊन ठेवतात.

अमेरिकेत फ्लोरिडाच्या पांढऱ्या वाळूच्या किनाऱ्यावर फिकट रंगाचे उंदीर राहतात. आतल्या भागातल्या गडद जमिनीवर त्याच जातीचे उंदीर गडद असतात. रंग जमिनीशी जुळल्याने उंदीर खरोखर वाचतो का, हे तपासायचं कसं? जिवंत उंदरावर हल्ला होताना पाहायला मिळणं कठीण. साशा विनिएरी, होपी होकस्ट्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मातीचे उंदीर केले, काही फिकट, काही गडद, आणि ते दोन्ही ठिकाणी मांडून ठेवले. शिकारी पक्षी आणि सस्तन प्राणी त्यांना फसले, चोच मारली, दात रोवले. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा, की जवळजवळ तीन चतुर्थांश हल्ले जमिनीशी रंग न जुळणाऱ्या उंदरांवर झाले होते. एडमंड ब्रॉडी यांनी कोस्टा रिकात याच मातीचे साप ठेवले होते. विषारी प्रवाळसर्पासारखे रंगीत पट्टे असलेल्या सापांना पक्षी टाळत, साध्या तपकिरी सापांवर तुटून पडत.

या प्रयोगांत मातीचा तो उंबरठा कामाला येतो. वारा, गळणारं पान यांचा जोर त्याच्या खालीच राहतो. चोचीचा जोर तो ओलांडतो आणि खूण कायमची उमटते. पक्ष्याच्या चोचीने पाचरीसारखा खळगा पडतो, सस्तन प्राण्याच्या दातांची ओळ उमटते, मुंगीच्या जबड्याने शेजारी-शेजारी दोन बारीक टोचे. प्राणी निघून गेल्यावर काही दिवसांनी संशोधक येऊन हे भिंगाखाली वाचतो.

सगळ्यात मोठा प्रयोग उंदराचा नव्हे, हिरव्या सुरवंटांचा आहे. तो करायला सर्वांत सोपा, एक बारीक वळी वळायची की झालं. टोमास रोसलिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उत्तर ध्रुववृत्तापासून ऑस्ट्रेलियाच्या दक्षिणेपर्यंत ३१ ठिकाणी असे सुमारे ३,००० सुरवंट पानांवर चिकटवले. २०१७ मध्ये निकाल आला: विषुववृत्ताजवळच्या सुरवंटावर हल्ला होण्याची शक्यता ध्रुवाकडच्या सुरवंटाच्या आठपट. उष्ण प्रदेशात भक्षक जास्त, हा जुना अंदाज होता. पण भक्षक म्हणजे पक्षी असतील, ही सहज येणारी कल्पना सुरवंटांवरच्या खुणांनी खोटी ठरवली. पक्षी आणि सस्तन प्राण्यांच्या हल्ल्यांत ध्रुवाकडून विषुववृत्ताकडे येताना ठरावीक वाढ दिसली नाही. वाढत गेले ते मुंग्यांसारख्या छोट्या संधिपाद प्राण्यांचे हल्ले, भिंगाशिवाय दिसणारही नाहीत अशा टोच्यांचे.