“नोकरी कुठे?” “होम डिपार्टमेंट”: गुप्तचरांच्या मानसिक ओझ्यामागची पार्श्वभूमी

आमच्या लेआउटमध्ये एक काकाजी राहायचे, नोकरी कुठे विचारलं की “होम डिपार्टमेंट” एवढंच उत्तर, आणि आम्हा पोरांना वाटायचं की घरूनच काम करतात म्हणून होम. महिन्यातले दहा-बारा दिवस गडचिरोलीकडे असायचे, कशाला ते काकूंनाही धड माहीत नसावं. एकदा थंडीत अंगणात सगळे तुरीच्या शेंगा सोलत बसले होते, काकाजींनी पेपर उघडला, आतल्या पानावर एका कॉलमची बातमी होती, पोलीस खबरी असल्याच्या संशयावरून नक्षल्यांनी गावकऱ्याला मारलं. त्यांनी पेपरची घडी घातली आणि परत सोलायला बसले, फक्त दाणे टोपल्यात आणि टरफलं वाटीत टाकून राहिले होते. काकू म्हणाल्या, अहो काय करून राहिले? ते उठले, गाडी काढली, निघून गेले. मेलेला माणूस त्यांचा सोर्स, म्हणजे खबर देणारा, होता की नव्हता हे मला आजही माहीत नाही, विचारायची सोयच नव्हती.

हे हेरगिरीचं काम आपल्याकडे जुनंच. शिवरायांचे बहिर्जी नाईक सगळ्यांना माहीत, आणि त्याही आधीपासून दरबारोदरबारी निरोप आणणारे हरकारे आणि बातम्या लिहून पाठवणारे अखबारनवीस होतेच. पण आज ज्याला आपण गुप्तचर खातं म्हणतो, फाईल, रजिस्टर, खबऱ्यांच्या याद्या वगैरे, त्याचं एक मूळ नागपूरपासून फार लांब नाही. १८३० च्या दशकात जबलपूरला स्लीमन या इंग्रज अधिकाऱ्याने ठगांविरुद्ध, म्हणजे वाटसरूंना मारून लुटणाऱ्या टोळ्यांविरुद्ध मोहीम उघडली (पुढे १८६१ मध्ये मध्य प्रांत झाला, राजधानी नागपूर, आणि जबलपूर त्यातच). त्याची सगळी मदार माफीच्या साक्षीदारांवर होती, म्हणजे पकडलेल्या ठगालाच बोलतं करायचं आणि त्याच्या तोंडून पुढच्याला गाठायचं. या साक्षीदारांना सोडलं तर त्यांचेच लोक मारतील म्हणून जबलपूरलाच वसवलं आणि तंबू, सतरंज्या विणायला लावलं. पुढे १८८७ मध्ये याच ठगी-डकैती खात्याला जोडून सेंट्रल स्पेशल ब्रँच निघाली, आजच्या आयबीची सुरुवात तिथून धरतात. म्हणजे बघा, खबर देणाऱ्याचं पुढे काय करायचं याचा हिशोब जवळपास दोनशे वर्षांपूर्वी लागला होता, पण खबर घेणाऱ्याच्या डोक्याचं काय होतं हा कॉलम त्या रजिस्टरमध्ये नव्हताच.

मन बिघडतं हे आधी सैनिकांच्या बाबतीत मान्य झालं. १९१५ मध्ये चार्ल्स मायर्स या डॉक्टरने लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात ‘शेल शॉक’वर, म्हणजे युद्धाच्या धक्क्याने मन ढासळण्यावर लिहिलं, तेव्हासुद्धा बऱ्याच अधिकाऱ्यांना तो भित्रेपणाच वाटायचा. गुप्तहेरांच्या कामात मानसशास्त्रज्ञ आले ते दुसऱ्या महायुद्धात, आणि तेही उलट्या बाजूने. अमेरिकेच्या ओएसएस या तेव्हाच्या हेर संस्थेने हार्वर्डच्या हेन्री मरे वगैरे मंडळींना उमेदवार पारखायला बसवलं. वॉशिंग्टनजवळच्या एका मोठ्या वाड्यात तीन दिवस खोट्या नावाने राहायचं, आपली खरी ओळख कोणालाही कळू द्यायची नाही. एक परीक्षा तर भारीच होती, लाकडाचा सांगाडा उभा करायचा आणि मदतीला दोन माणसं, पण ती मदतनीस मंडळी मुद्दाम काम बिघडवणार, टोमणे मारणार, हा कधी भडकतो ते बघणार. चांगलीच शक्कल. फक्त सगळी तपासणी दारातून आत घेतानाची. हा माणूस फुटेल का, एवढाच प्रश्न, वीस वर्षांनी तो घरी कसा जाईल हे कोणी विचारलं नाही.

त्याची किंमत पुढे वरच्या खुर्च्यांवरच दिसली. फ्रँक विझनर, सीआयएच्या गुप्त कारवायांचा प्रमुख. १९५६ मध्ये हंगेरीत लोक उठले तेव्हा तो व्हिएन्नात होता, सोव्हिएत रणगाड्यांनी उठाव चिरडला, निर्वासित सीमा ओलांडून येताना त्याने पाहिले आणि अमेरिका काही करणार नाही हेही त्याला कळलं. १९५८ मध्ये त्याला हॉस्पिटलात ठेवावं लागलं, विजेचे झटके दिले, आणि बरा वाटला म्हणून लंडनचा प्रमुख करून पाठवलं! १९६५ मध्ये त्याने स्वतःचं आयुष्य संपवलं. दुसरा जेम्स अँगलटन, सीआयएतच शत्रूचे हेर शोधणाऱ्या विभागाचा प्रमुख, त्याचं दुखणं वेगळं होतं, संशयाचं. ज्या किम फिल्बीसोबत वॉशिंग्टनमध्ये जेवायला बसायचा तो ब्रिटिश गुप्तचर अधिकारी सोव्हिएत हेर निघाला आणि १९६३ मध्ये मॉस्कोला पळाला, आणि मग अँगलटनला आपल्याच ऑफिसात प्रत्येक माणूस सोव्हिएत हेर वाटू लागला. चांगल्या चांगल्यांच्या नोकऱ्या गेल्या. १९७४ मध्ये शेवटी त्यालाच काढलं. संशय घेणं हीच ज्याची ड्यूटी, त्याचा संशय आजार कधी झाला हे ठरवणार कोण?

पीटीएसडी, म्हणजे भयंकर अनुभवानंतर मागे उरणारा मानसिक त्रास, हे नाव अमेरिकन मनोविकार यादीत आलं १९८० मध्ये, तेही व्हिएतनामच्या सैनिकांमुळे. आणि कामाचा भाग म्हणून भयंकर गोष्टींचे तपशील, व्हिडिओ, फोटो पुन्हा पुन्हा पाहणाऱ्यालाही हा त्रास होऊ शकतो हे त्या यादीत नीट लिहिलं गेलं ते थेट २०१३ मध्ये. खुर्चीत बसून रेकॉर्डिंग ऐकणाऱ्याला तोवर “तुला काय झालं, तू तर ऑफिसातच असतो” हेच ऐकावं लागायचं, आताही लागतच असेल.

आपल्याकडे १९६८ मध्ये परदेशातली हेरगिरी बघणारी रॉ निघाली, रामनाथ काव पहिले प्रमुख. १९७५ च्या तिच्या सेवा नियमांमध्ये नियम १३५ आहे, अधिकाऱ्याची ओळख उघड झाली तर त्याला सक्तीने निवृत्त करता येतं. सुरक्षेच्या नजरेतून बरोबरच असेल, पण त्या माणसाच्या जागी बसून विचार करा, एका दिवसात कव्हर, म्हणजे खरं काम झाकणारी ओळख, गेलं आणि नोकरीही. १९८० मध्ये रॉच्या कर्मचाऱ्यांनी संप केला होता, हे वाचून मी चाटच पडलो होतो, गुप्तहेरांचा संप! पुढे १९८५ च्या कायद्याने संघटना करणं, पेपरवाल्यांशी बोलणं यावर बंधनं आली. आणि २०२१ पासून तर रिटायर झाल्यावरही खात्याच्या कामाबद्दल लिहायचं तर आधी परवानगी. देशाची गुपितं जपायला हवीत, यात वादच नाही. पण मोकळं होण्याचा जो साधा उपाय आहे, कोणाशी तरी बोलणं, तोच गुन्ह्याच्या हद्दीत जाऊन बसला.

आमच्याकडे हा प्रश्न दिल्लीचा नाही, जंगलाच्या रस्त्यावरचा आहे. १९८० च्या सुमारास नक्षली गोदावरी-इंद्रावतीकडून वर आले, १९८२ मध्ये चंद्रपूरमधून गडचिरोली जिल्हा वेगळा निघाला, १९९० मध्ये सी-६० हे पोलिसांचं नक्षलविरोधी कमांडो पथक उभं राहिलं आणि नक्षलविरोधी अभियानाचं मुख्यालय नागपूरला. २००९ हे एकच वर्ष घ्या, मरकेगावला १५ पोलीस गेले, हत्तीगोट्याला १६, लाहेरीला १७. शहीद झालेल्यांची नावं स्मारकावर लागतात. खबरीचा ठपका लावून मारलेल्या गावकऱ्याचं नाव बहुतेक त्या एका कॉलमातच संपतं, आणि त्याने खरंच कोणाला काही सांगितलं असेल तर ज्याला सांगितलं तो ना तेराव्याला जाऊ शकत, ना घरच्यांना भेटू शकत. गेला तर उरलेल्यांवरही संशय. गोपनीय शाखेच्या पोलिसांच्या भाषेत याला “सोर्स जळला” म्हणतात, आणि दुसऱ्या दिवसापासून नवीन सोर्स शोधायचा असतो.

काकाजी रिटायर झाले तेव्हा घरी छोटा कार्यक्रम होता, कोणीतरी म्हणालं दोन शब्द बोला. ते उभे राहिले, म्हणाले, “नोकरी चांगली झाली, सगळ्यांनी जेवून जा.” आणि बसले.