वॉलेस, विल्यम

(२३ सप्टेंबर १७६८ – २८ एप्रिल १८४३). स्कॉटिश गणिताध्यापक. जन्म फाइफमधील डायझर्ट येथे. एडिंबरोत बुकबाइंडरकडे उमेदवारी करताना ते गणित स्वतःच शिकले. १७९४ मध्ये पर्थ अकॅडमीत सहायक शिक्षक, १८०३ पासून ग्रेट मार्लोच्या लष्करी महाविद्यालयात अध्यापक आणि १८१९ पासून एडिंबरो विद्यापीठात प्राध्यापक. या शेवटच्या पदासाठी चार्ल्स बॅबेज यांचाही अर्ज होता. प्रकृतीमुळे १८३८ मध्ये निवृत्ती.

त्यांचा सर्वांत परिचित शोध दुसऱ्याच्या नावाने शिकवला जातो. त्रिकोणाच्या परिवर्तुळावरील (तिन्ही शिरोबिंदूंतून जाणाऱ्या वर्तुळावरील) कोणत्याही बिंदूपासून तिन्ही बाजूंवर लंब टाकले, तर लंबपाद (लंब बाजूला जिथे मिळतात ते बिंदू) एकाच रेषेत येतात. हिला ‘सिमसन रेषा’ म्हणतात. पण स्कॉटिश गणितज्ञ रॉबर्ट सिमसन यांच्या लेखनात ती सापडत नाही. वॉलेस यांनी ती १७९९ मध्ये प्रसिद्ध केली. म्हणून ‘वॉलेस रेषा’ हेच नाव न्याय्य. आकृती काढताना बाजू वाढवून घ्याव्यात, कारण लंबपाद बाजूच्या बाहेरही पडतो. बिंदू वर्तुळावरून ढळला की रेषेऐवजी बारीक त्रिकोण उमटतो. समान क्षेत्रफळाच्या दोन बहुभुजांपैकी एक कापून त्याच तुकड्यांतून दुसरा जुळवता येतो, या प्रमेयाशीही त्यांचे नाव जोडलेले आहे (१८०७). याच प्रमेयाच्या बोल्याय आणि गेर्विन या गणितज्ञांच्या सिद्धता १८३० नंतरच्या.

ब्रिटनमध्ये अवकलनासाठी (बदलाचा दर काढण्यासाठी) न्यूटनची अक्षरावर ठिपका देण्याची खूण रूढ असताना, १८१५ च्या सुमारास एका विश्वकोशातील कलनावरील (कॅल्क्युलसवरील) दीर्घ लेखात त्यांनी युरोप खंडातील अवकलनाची चिन्हे वापरली. विज्ञानलेखिका मेरी सॉमरव्हिल यांच्याशी ते पत्रांतून उदाहरणांची देवाणघेवाण करत. फ्रेंच गणितग्रंथांची वाट वॉलेस यांनीच सॉमरव्हिल यांना दाखवली.

१८२१ मध्ये त्यांनी नकाशे लहान-मोठे उतरवण्यासाठी आयडोग्राफ हे यंत्र बनवले. याच कामाच्या जुन्या यंत्राला, पँटोग्राफला, अनेक सांधे व टेकू असतात आणि तो अडखळत सरकतो. आयडोग्राफला एकच जड टेकू. त्यावरील खोबणीतून मधली दांडी सरकते. तिच्या दोन्ही टोकांना सारख्याच व्यासाच्या कप्प्या, त्यांच्याखाली एकेक भुजा. पोलादी पट्टीने कप्प्या जोडल्यामुळे भुजा कायम समांतर फिरतात. एका भुजेवर रेखणारी सुई, दुसरीवर पेन्सिल. दांडी व भुजांवर मध्यापासून दोन्हीकडे १००–१०० भाग असतात. गुणोत्तरातील पदांची वजाबाकी १०० ने गुणून बेरजेने भागायची आणि येणारा आकडा तिन्हींवर लावायचा : १:३ साठी ५०, १:२ साठी ३३.३. एकही आकडा चुकला तर सुई, टेकू आणि पेन्सिल एका रेषेत राहत नाहीत, नक्कल वाकडी होते. भुजांचा समांतरपणा तपासण्यासाठी दांडी व दोन्ही भुजा शून्यावर आणून सुई व पेन्सिलच्या जागा टिपाव्यात. मग सुई पेन्सिलच्या खुणेवर न्यावी; पेन्सिल सुईच्या खुणेवर पडली नाही, तर पट्टीची लांबी स्क्रूने सुधारावी. नक्कल मूळ चित्राच्या उलट दिशेने उतरते, त्यामुळे कागद आधीच फिरवून लावणे सोयीचे.